सासऱ्याच्या मापाची सायकल

"मिस्त्री, ही सायकल पाडून राह्यली मले."

लोणारहून मेहकरपर्यंत वामनरावांनी ती हातात धरून, पायी आणली होती. गुडघ्यावर हळदीचा लेप. मागे त्यांचे सासरे, साखरखेर्ड्याचे किसन पाटील. मी सायकल पाहिली, मग वामनराव पाहिले. पाडणारच होती. दोष सायकलचा नव्हता, माझा होता.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले आणि मी एका शेठजींच्या दुकानात विलायती सायकली जोडायचो. फ्रेम म्हणजे सायकलचा सांगाडा. आमच्याकडे ती बावीस इंची आणि चोवीस इंची यायची. माप घ्यायची रीत सोपी. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभं राहायचं. दांडा आणि माणूस यांत दोन बोटं जागा उरली पाहिजे. नाही उरली, तर एक दिवस दांडाच माणसाचं माप घेतो.

महिन्यापूर्वी पाटील लग्नात द्यायची सायकल घ्यायला आले होते. मी म्हटलं, "जावयाले घेऊन या."

"येडा झाला का बे? लग्नाआधी नवरदेवाले दुकानात उभं करू, पाय मोजाले? सोयरे काय म्हणतीन? दोन्हीची किंमत एकच ना?"

"हाव."

"मंग लहान काऊन घेऊ? ज्यात लोखंड जास्त ते दे. पोरगं एकोणीस वर्षाचं हाये. वाढन अजून."

वाढत्या अंगाचा सदरा शिवतात, सायकल नाही. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण शेठजींनी डोळे वटारले. तेवढ्यात पाटील स्वतःच दांड्यावर टांग टाकून उभे राहिले. सहा फुटी माणूस. बरोबर दोन बोटं जागा.

"बसली का नाही?"

मी हो म्हटलं. माप अगदी चोख होतं. सासऱ्याचं.

वामनराव माझ्या खांद्याला लागत. सीट तळाला नेली तरी पेडल खाली गेलं की त्यांचा पाय हवेत. त्यांना गावोगाव जाऊन देवीची लस टोचायची नोकरी मिळत होती. सोमवारी बुलढाण्याला साहेबांसमोर स्वतःची सायकल चालवून दाखवायची होती. आज शुक्रवार.

"नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवू?" ते म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बदलून देतो," मी म्हटलं.

पाटील कडाडले. "कन्यादानातली वस्तू परत करू? पोरीच्या मायनं कुंकू लावलं हाये तिले! अभद्र बोलू नको."

"कुठी लावलं?"

त्यांनी बोट दाखवलं. हँडल, घंटी, पुढचं मडगार्ड. फ्रेमवर मात्र कंपनीचा खाकी कागद तसाच गुंडाळलेला.

"हा काऊन नाही काढला?"

"रंग खराब व्हते. दोन सालं हात लावाचा नाही, असं मीच बजावलं."

"मंग पाटील, फ्रेमले कुंकू लागलंच कुठी? हँडल, घंटी, चाकं, सारं तेच ठेवतो. मधला सांगाडा तेवढा बदलतो. सायकल परत घेतली असं कोण म्हणन?"

पाटलांनी सायकलभोवती एक फेरी मारली. मग घंटी वाजवून पाहिली. "कुंकू पुसाचं नाही," म्हणाले.

शेठजी कुरकुरले. मी कागद उतरवला. पडापडीत तो फाटला होता, पण रंगावर ओरखडा नव्हता. ती फ्रेम शेठजींना नवी म्हणूनच विकता येणार होती. शनिवारभर मी दोन सायकली खोलल्या आणि अदलाबदल करून पुन्हा जोडल्या. पुढचं चाक धरणारा फोर्क फ्रेमसोबतच जातो, तोही बदलला. हँडल फडक्यात धरूनच कसलं.

संध्याकाळी वामनराव उभे राहिले. दोन बोटं. बाजाराच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि हसत उतरले. मला भरून आलं, पण मी चेनला तेल देत बसलो. रविवारी ते तिच्यावरच बुलढाण्याला गेले. सोमवारी नोकरी लागली.

वर्षभरानं पाटील धाकट्या मुलीच्या लग्नासाठी पुन्हा आले. मी काही बोलण्याआधीच म्हणाले, "या खेपेले माप आणलं हाये."

पिशवीतून त्यांनी नव्या जावयाचं धोतर काढलं. सोयऱ्यांकडून गुपचूप मागवलेलं. चांगलं नऊ हात होतं.

मी नीट घडी करून ते परत दिलं. म्हटलं, "पाटील, आता याच्या आतले पाय आणा."