बिनचिठ्ठीची बाटली

फोटोवाल्याचा राग नाकाच्या शेंड्यावर, आणि हात रागाच्याही पुढे. वीस वर्षं त्याची बायको डार्करूममध्ये त्याच्याबरोबर फोटो धुवत आली. पण फोटो उमटवणाऱ्या डेव्हलपरचं मिश्रण मात्र तो एकटा, आतून कडी लावून करायचा. त्या गुपितावरच आपलं नाव टिकलंय, अशी त्याची पक्की समजूत. एकदा कडी लागायच्या आत ती वजनकाट्याकडे डोकावली, तर त्याने चिमटा असा हाणला की तिचं बोट महिनाभर वळलं नाही. मिश्रण भरायचा सरबताच्या जुन्या बाटल्यांत, त्यांवर चिठ्ठ्याही नाहीत. लावल्या आणि कुणी वाचल्या तर? असला हा दीडशहाणा!

त्या दुपारी एक फोटो काळा पडला. त्याने पाण्याचा जग तिच्या डोक्यात घातला, तिला बाहेर ढकललं आणि कडी लावली. शिव्या देऊन देऊन घशाला कोरड पडली होती, पाणी तर सगळं फरशीवर. लाल दिव्यात त्याने पाण्याची समजून फळीवरची सरबताची जुनी बाटली उचलली आणि घटाघटा तोंडाला लावली.

आत ट्रे कोसळले. मग नुसती घरघर. तिने आणि शेजारच्या शिंप्याने दार फोडलं. तो तडफडत होता, ओठ निळे, तोंडाला रक्ताचा फेस.

"वहिनी, मिठाचं पाणी पाजा, ओकू दे!"

"अजिबात नाही!" तिने शिंप्याला मागे लोटलं. "जाताना जाळलंय, येताना पुन्हा जाळेल. गाडी आणा!"

दवाखान्यात चौघांनी त्याला दाबून धरलं. डॉक्टर ओरडले, "बाटलीत काय काय होतं? लवकर बोला!"

त्याने बायकोकडे पाहिलं आणि दात घट्ट आवळले. जीव चालला होता, तरी सांगेना. तिच्या कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरत होतं. जाऊ दे मेल्याला गुपित घेऊन, असं तिच्या मनात आलंच. मग ती बोलू लागली: मेटॉल, सल्फाइट, हायड्रोक्विनोन, कॉस्टिक सोडा, ब्रोमाइड. प्रत्येकाचं वजनही सांगितलं.

तो वाचला. पाचव्या दिवशी फाटक्या आवाजात पहिला शब्द फुटला, "कुठून चोरलंस?"

"चोरायचं काय त्यात? सामान कोण आणत होतं? कुठला डबा किती दिवस पुरतो, एवढं कळत नाही होय मला?"

त्याचा हात उठला. तिने मनगट पकडून पलंगाच्या दांडीवर आपटलं. सलाइनची सुई निघाली, चादरीवर रक्त पसरलं. ती त्याच्या कानाशी वाकली.

"हा हात परत उठला ना, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना मी काही सांगणार नाही."