पुढची सतरंजी

दशरथ काकाजींच्या शोकसभेला मी उशिरा पोचलो आणि तरी सरळ पुढे जाऊन सतरंजीवर मांडी घातली. कचेरीत बडा बाबू झाल्यापासून पुढची जागा आपलीच, असं माझ्या गुडघ्यांना वाटू लागलं आहे. मागून खसखस ऐकू आली. वळून पाहिलं, तर माझ्याच वयाचे, पोट सुटलेले, चष्मेवाले दोघं-तिघं रुमालात तोंड लपवत होते. मग ध्यानात आलं… बालाघाटच्या आमच्या विहारात ती सतरंजी नापासांची. घरी आमची थोरली, कुसुम, नुकतीच अकरावीत नापास झालेली. तिची शाळा बंद, आता स्थळं पाहायची, असं मी जाहीर करून बसलेलो. आणि सतरंजीवर मीच.

ही रीत काकाजींचीच. त्यांना जाऊन आता महिना होईल. ते बालाघाट-गोंदिया बसवर कंडक्टर होते. वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी विहारात रविवारचा वर्ग सुरू केला. विहार म्हणजे बांबूच्या तट्ट्याच्या भिंती नि वर कवेलूंचं छप्पर. वस्तीतली मोठी होऊ लागलेली पोरंपोरी सकाळी आईबापांसोबत वंदना म्हणायची, मग अभ्यासाला बसायची. काकाजींना बीजगणित येत नसे, इंग्रजी तर नाहीच. ते वरच्या वर्गातल्यांना खालच्यांपुढे बसवत आणि स्वतः दारात उभे राहून बसमधल्यासारखं "पुढं सरका, जागा हाय" म्हणत. राजेगावला चढणाऱ्या बाया आणि गणिताला भ्यालेली पोरं, दोघांसाठी आवाज एकच.

अख्ख्या विहारात सतरंजी एवढी एकच, बाकी सगळे पोत्यांवर. निकाल लागला की तिच्यावर नापास झालेल्याला बसवायचं. त्या रविवारची वंदना त्यानं सांगायची आणि सगळ्यांनी त्याच्या मागून म्हणायची. पास झालेली एक पोरगी एकदा चिडून विचारती झाली, "आमी पास होऊन पोत्यावर काहून, काकाजी?"

"तू तं पोचली, बाई. ज्याले अजून जाचं हाय, त्याले जागा देऊन राह्यलो."

मॅट्रिकला मी गणितात असा नापास झालो, की पेपर तपासणाऱ्याला फारसे कष्ट पडले नसावेत. वडिलांनी तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत माझ्या कामाचं बोलून ठेवलं. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, कमावणारे ते एकटे. त्यांचंही चुकत नव्हतं. रविवारी मी धानाच्या कोठीमागे लपलो. लपण्यातही मी गणिताइतकाच तयार. पाय बाहेर दिसत होते. काकाजी आले, हाताला धरून घेऊन गेले. सतरंजीवर बसवलं. वडील मागे भिंतीला टेकून बसले होते.

पहिल्याच ओळीला माझा आवाज फाटला. कोणी हसलं नाही. त्या फाटक्या ओळीमागून सगळी वस्ती तीच ओळ म्हणाली, आणि त्यात वडिलांचा खर्जातला आवाज मला वेगळा ऐकू आला. पुढची ओळ जरा बरी गेली… शेवटाला येईतो मी विहाराबाहेरही ऐकू जाईल असा म्हणत होतो. परतताना घराच्या दाराशी आल्यावर वडील म्हणाले, "आज मी तुह्या मागून म्हनलं. आता खानीत कसा धाडू तुले? परीक्षेचा फारम भर पुन्हा."

पुढच्या वर्षी जेमतेम पास झालो. काकाजींनी लगेच पोत्यावर पाठवलं.

परवा शोकसभेत त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायला उठलो, तर हेच सांगत सुटलो. पुढे बसण्याखालोखाल ही माझी दुसरी सवय. सतरंजी तीच आहे, लाल पट्टे उडालेत, एका कडेला दोरे लोंबतात. दारात मात्र कोणी उभं नव्हतं, आणि लोक दाराशीच दाटी करून बसले होते.

घरी येऊन बायकोला माझी फजिती सांगितली. ती तांदूळ निवडत होती. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. आत कुसुम होती, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आता उठा त्या सतरंजीवरून. रविवारी तिथं कुसुम बसन. तुमी मागं बसा, भिंतीले टेकून… मामंजी बसले होते तसे."