नाही जमत, मॅडम

पातूरजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेसमोर एका काकांचा वांग्यांचा मळा होता. ग्रामपंचायतीचे सदस्य, कपाळाला कायम आठ्या आणि कशालाही पहिलं उत्तर 'नाही'. चहा घेता का विचारलं की "नाही" म्हणायचे, आणि बशीत ओतून फुर्र करून संपवायचे. हातपंप बिघडला तेव्हा म्हणाले, "मले काय तेच काम आहे?" दुपारी पंपापाशी पाना घेऊन बसलेले दिसले.

सरपंचांचं उलट. "होऊन जाईन, मॅडम," ते दर महिन्याला गोड हसून म्हणायचे, आणि काम तसंच राहायचं.

त्या वर्षी कपाशी गेली आणि गावाची करवसुलीही. शाळेच्या छपराचा अर्धा खर्च जिल्हा परिषदेनं मंजूर केला होता. उरलेला ग्रामपंचायतीनं द्यायचा, नाहीतर मार्चअखेर निधी परत. मुख्याध्यापिका म्हणून मी मासिक सभेत विनंती केली.

"होऊन जाईन," सरपंच म्हणाले. मी मळेवाल्या काकांकडे पाहिलं. ते एकदम खेकसले, "नाही जमत! गावापाशी पैसा कुठी आहे? गावाच्या वेशीवरल्या कमानीसाठी ठेवला तेवढाच. तो काय शाळेवर टाकावा?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. माझा जीव भांड्यात पडला.

कमानीचा पैसा छपराला द्यायचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी काका मोजायची टेप घेऊन शाळेत हजर.

"नाही जमत म्हनलं होतं ना तुमाले," ते शिडी चढता चढता कुरकुरले आणि टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा नीट."