खेटून ठेवलेलं घर

काल बाबांनी कपाटावरचा माझ्या जुन्या खेळाचा खोका काढायला सांगितला आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी मला तो रविवार आठवला. बोरिवलीचं आमचं वन रूम किचन, घरभर बांगड्याच्या तिखल्याचा वास, आणि जमिनीवर चादर अंथरून मी आईबाबांना माझा आवडता बोर्ड गेम शिकवायला बसलेले. पटावर एक बेट, त्यावर रस्ते काढायचे, लाकडाची इवली घरं बांधायची, धान्य देऊन विटा घ्यायच्या. समजावताना माझाच घसा सुकला. आईने लाल घरं घेतली, बाबांनी निळी. तिने पहिलं घर ठेवलं, तसं बाबांनी आपलं अगदी त्याला खेटून ठेवलं. "बाबा, असं नाही चालत. दोन घरांमध्ये जागा सोडायचीच, नियम आहे." चाळीत जन्म गेलेले बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "शेजार नको, तर घर कित्याक बांधूचा गो?" आईला हसू आवरेना. "अवो, जावा ना थंय समुद्राकडे, हय कित्याक गर्दी करतास?" मला तेव्हा नियमांचा भारी माज. मी त्यांचं घर उचललं आणि बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. बाबा डावभर आपले सगळे रस्ते आईच्या घराच्याच दिशेने काढत राहिले आणि हरले. काल आईचं वर्षश्राद्ध आटोपलं, पाहुणे गेले, तेव्हा त्यांनी तोच पट मांडला. आधी तिचं लाल घर ठेवलं, त्याला खेटून आपलं निळं, आणि माझ्याकडे बघत विचारलं, "आता असा चलात ना गो?"