लाल डोळ्यांची पिल्लं
बाजरीच्या भुशाचा आंबूस वास आला की आर्णीतला शेजारी आठवतो. भाव नव्हता म्हणून त्याची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली आणि त्यालाच टेकून छोट्या रंगीत पोपटांचे पिंजरे. एकदा त्याने घरट्यासाठी टांगलेल्या मडक्यातली बिनपिसांची पिल्लं तळहातावर घेतली. "बाप पिवळा, माय हिरवी. मंग लाल डोळ्याचं पिल्लू मादीच असते, काळ्या डोळ्याचा नर. मादी बोलत नाही, गिऱ्हाईक नेत नाही. कायले पोसायची?" मडकं वाजताच मांजर येऊन बसली होती. लाल डोळ्यांची पिल्लं त्याने तिच्यापुढे टाकली, हात पायजम्याला पुसला आणि बाजूला उभ्या आपल्या लेकीच्या डोक्यावरून मायेने फिरवला. आता माझी नात पोपट मागते. मी नाही म्हणतो. का, ते सांगवत नाही.