बाळंतपण, सर्बियामार्गे

आमच्या लेकीचं पहिलं बाळंतपण सर्बियामार्गे झालं, असं मी सांगतो तेव्हा ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग खात्री करून घ्यायला माझ्या बायकोकडे. ती नुसती मान डोलावते. माझ्या शब्दावर लोक सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण मीही कोणावर ठेवत नाही. बस स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खिडकीत माझी उमर चालली आहे. परतूर, आष्टी, टेंभुर्णी, आता जालना. खिडकीत तोंड घालून “गाडी टायमाच्या आधी गेली” असं शपथेवर सांगणारी माणसं मी रोज ऐकतो. त्यातलं कोण रसवंतीवर बसून राहिलं होतं, ते मला चेहऱ्यावरून कळतं.

महामारीचं दुसरं वर्ष चालू होतं. लेक कॅनडात, तिला आठवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. लेकीला विमानात बसायची मनाई होती, म्हणून माहेरानंच उठून तिकडे जायचं ठरलं. जावई तिथंच होता आणि पोरगा गुणाचा आहे, पण एकदा फोनवर म्हणाला, आम्ही सगळं वाचून ठेवलंय. त्या वाक्यानं बायको हादरली. वाचून बाळंतपण करणाऱ्या माणसाच्या हाती ती लेक सोपवणार नव्हती. बाळ यायच्या आत पोचायचं, एवढाच तिचा हट्ट.

अडचण अशी की भारतातून कॅनडाला जाणारी सरळ विमानं बंद होती आणि आपल्याकडचा तपासणीचा कागद तिकडे चालत नव्हता. आधी एखाद्या तिसऱ्या देशात उतरायचं, तिथल्या लॅबमध्ये नाकात काडी घालून घ्यायची, रोग नसल्याचा कागद मिळवायचा आणि मग पुढची गाडी पकडायची. तो कागदही तीन दिवसांत शिळा व्हायचा. मला विमानातलं काही कळत नव्हतं, पण एक गाडी चुकली की पुढच्या किती चुकतात हे माझ्याइतकं कोणाला कळणार? मी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवलं आणि त्याच्या पाठीवर तक्ता आखला. सोमवारी एखादा देश आत घ्यायचा, गुरुवारी दार लावायचा. मी तक्ता खोडायचो आणि पुन्हा आखायचो. कोणीतरी मेक्सिको सुचवलं. नकाशा उघडून पाहिला, तर जालन्याहून टेंभुर्णीला जायला नांदेडवरून फिरून यायचा प्रकार.

शेवटी जुन्या जालन्यातल्या एका एजंटाकडे गेलो. एरवी तो मक्केच्या उमराह यात्रा काढायचा. तेव्हा सगळंच बंद असल्यामुळे अर्ध्या शटरखाली बसून बोलायचा, त्यामुळे मला त्याचे फक्त गुडघे दिसायचे. चेहरा न बघता माणूस ओळखायची मला सवय नाही. गुडघे मात्र मोठ्या खात्रीनं बोलत होते.

“साहेब, सर्बिया बराबर राहील,” ते म्हणाले. “बिलकुल फिकर करू नका. ते लोक कोनालाच न्हाई म्हणून न्हाई राह्यले.”

मला नेमकी तिथंच शंका आली. सगळ्या जगानं आपल्याला दार लावलेलं आणि हा एकच देश या म्हणतोय? स्थळ चालून येतं आणि पत्रिकासुद्धा बघू नका म्हणतं, तेव्हा मुलात काहीतरी खोट असते. मी आठ दिवस त्या देशाची चौकशी केली. नदी आहे, राजधानी आहे, लोक जेवतात, कपडे घालतात. खोट काही सापडली नाही, त्यामुळे संशय आणखीच वाढला. एजंटाच्या तिकिटांचे आकडे मी तीन वेगवेगळ्या पोरांकडून मोबाईलवर तपासून घेतले. तिघांनीही खरे असल्याचं सांगितलं. तिघांनाही त्यानं फोडलं असेल, असं एक दिवस वाटून गेलं.

गल्लीत वेगळंच चालू होतं. आम्ही माळ्यावरून बॅगा उतरवल्या तेव्हा समोरच्यांना वाटलं, यांच्या घरात रोग शिरलाय आणि हे गुपचूप पळताहेत. मी अंगणात खाकरलो की समोरची खिडकी लागायची. खोटं कशाला सांगू, एक-दोनदा मी खिडकी लागावी म्हणूनच खाकरलो.

अखेर निघालो. बायकोनं मास्कावर मास्क चढवला होता, आणि डिंकाचे लाडू व बाळंतशोपा अशा बांधल्या होत्या की विमान पडलं तरी लाडू शाबूत राहावेत. सर्बियात उतरलो. लॉजवाल्यानं हसून चहा दिला. हा का हसतोय, म्हणून आम्ही तो झाडाच्या कुंडीत ओतला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेलो. नाकात काडी जायच्या आधी बायकोनं मला विचारायला लावलं की ही काडी याआधी कोणाच्या नाकात घातली होती. माझ्या इंग्रजीत ते कितपत पोचलं ठाऊक नाही, पण त्या माणसानं नवी काडी पाकीट फोडून दाखवली. बायकोनं पाकीटही तपासलं.

खिडकीतल्या पोरीनं आमचे फॉर्म घेतले. आधी बायकोचा, मग माझा. माझा भरताना तिनं पडद्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, बारीक हसली आणि एक बटण दाबलं. लॉजवाला हसला म्हणून ज्या मी चहा कुंडीत ओतला, त्या मी हे हसू मात्र सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा कागद मोबाईलवर आला. माझा आला नाही. विमान दुपारचं. तासभर वाट पाहून आम्ही टॅक्सीनं लॅब गाठली. पोरगी म्हणाली, तुम्ही दोनदा नाव नोंदवलं होतं, म्हणून मी एक नोंद काढून टाकली. तिनं पडदा आमच्याकडे फिरवला. आडनाव तेच, गाव तेच आणि जन्मतारीखही तीच. बायकोची एक जून आणि माझीही एक जून, सालसुद्धा एक. पहिली नावं वेगळी होती, पण तिला ती दोन्ही सारखीच अगम्य. माझी नोंद पुसली गेली, माझ्या काडीची नळी बेवारशी ठरली आणि कोणीतरी ती टाकून दिली.

आमच्या पिढीला यात नवल काय? पोराला पहिलीत घालायला नेलं की हेडमास्तर बघायचे, डोक्यावरून हात घालून दुसऱ्या बाजूचा कान धरता येतो का. कान हाताला लागला की एक जून टाकून मोकळे. माझी बायको दुष्काळात जन्मली, ज्वारी पोटऱ्यात होती तेव्हा, याउपर तिच्या आईलाही सांगता आलं नाही. मी गावापासून विमानापर्यंत प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला होता. आम्हा दोघांच्या तारखेकडे संशयानं बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पोरगी मात्र खूश झाली. नवरा-बायको एकाच दिवशी जन्मले, किती छान, म्हणाली. इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर श्रोता दिसला की माझी जीभ सैल सुटते. मी म्हणालो, आम्हीच काय, माझा थोरला भाऊ एक जूनचा, हिच्या दोघी बहिणी एक जूनच्या, शेजारीही एक जूनचा. पोरीचं हसू तिथल्या तिथं मावळलं. तिनं आमचे पासपोर्ट उचलले, उजेडात धरले आणि आतून एका टकल्या साहेबाला बोलावून आणलं.

बायकोनं मला कोपर मारलं. “अहो, गप राव्हा. माझा बी कागद काढून घेतील.”

साहेबांपुढे मी हेडमास्तर, कान, डोकं, हात हे सगळं करून दाखवलं. माझा हात डोक्यावरून कानाकडे गेला तेव्हा रांगेतली चार माणसं मागे सरकली. साहेब बराच वेळ माझ्या कानाकडे बघत राहिले. मग त्यांनी पासपोर्ट परत दिले. बायकोचा कागद खरा, तो त्यांनी छापूनही दिला. माझी तपासणी नव्यानं, कागद उद्या.

एजंटाला फोन लावला. शटर नसल्यामुळे त्याचा आवाज पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आला. माझ्यासाठी पुढची जागा आठ दिवसांनी होती. तेवढ्यात लेकीचा फोन आला. डॉक्टर म्हणाले होते, दिवस आधीच भरतील असं दिसतंय, आता कधीही. हे ती हसत सांगत होती. तिची आई ते हसणं ऐकून फूटपाथवरच बसली.

ती कधी जांब समर्थच्या पुढे एकटी गेलेली नव्हती, आणि आता युरोपात एका विमानतळावर गाडी बदलून समुद्रापलीकडे जायचं होतं. मी एकटी न्हाई जायची, असं तिनं दोनदा सांगितलं. आठ दिवस थांबून दोघं जाऊ, मी म्हणालो.

“माझ्याऐवजी तुमचा कागद आला असता,” ती म्हणाली, “तर तुम्ही तिथं जाऊन काय केलं असतं?”

मी विचार केला. खरोखरच केला.

“काहीच न्हाई,” मी म्हणालो.

“मंग द्या तो कागद.”

मी तिला चिठ्ठी लिहून दिली. एका बाजूला विमानाचा आकडा आणि दाराचा नंबर. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत, या बाईला या गाडीत बसवा, पोरीच्या बाळंतपणाला चालली आहे. आणि बजावलं की कोणावर विश्वास ठेवू नको. ती सूचना वाया गेली नाही. मधल्या विमानतळावर तिनं गणवेशातल्या पाच जणांना चिठ्ठी दाखवली. तिघांचं बोट एकाच दिशेला गेलं तेव्हाच ती हलली. चौथा तिला खुर्चीत बसवून ढकलत न्यायला निघाला, तर तिनं त्याला रिकामी खुर्ची ढकलायला लावली आणि बाजूनं चालत गेली.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. तिला रडण्यातून बोलता येत नव्हतं, म्हणून आईनं फोन घेतला.

“पोचले. तुम्ही आता निवांत या.”

एवढ्या वर्षांच्या संसारात निवांत हा शब्द तिनं माझ्यासाठी वापरलेला नव्हता. मला लगेच शंका आली. लेकीला खोदून विचारलं. आईनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं, जावयाची पुस्तकं कपाटावर गेली होती आणि बाबा नसल्यामुळे जागा भरपूर झाली होती.

चौथ्या दिवशी नात झाली. दवाखान्यात एकालाच सोडत होते, तो जावई. पण घरातून निघताना लेकीच्या कपाळाला अंगारा आईनं लावला आणि घरी परत आल्यावर दारात बाळाला तिनंच उचललं. हे मी सर्बियातल्या लॉजवर बसून मोबाईलच्या पडद्यावर बघितलं. आता लॉजवाल्याचा चहा मी पीत होतो. बायकोनं बाळ इतकं छातीशी घट्ट धरलं होतं की मला त्याचं फक्त टोपडं दिसत होतं. मी म्हणालो, अगं, तोंड दाखव की.

“किती लोकांत फिरून राह्यले तुम्ही तिथं,” ती म्हणाली. “आधी कागद घेऊन या. मंग बघू.”

आणि तिनं फोनही थोडा लांब धरला.