कानातली काळी एक

माझ्या उजव्या कानात गेली कित्येक वर्षं पेटीची काळी एक वाजते. (पेटी आमच्याकडे नाही.) डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात, आमची ही 'नसतं खूळ' म्हणते.

पण या खुळावरच माझी अब्रू उभी होती. इथे गंगेकाठी, हिंदी मुलखात, बालाजी घाटाजवळ आमच्या मराठी मंडळाचा गणपती बसतो, आणि आरतीचा सूर मी लावतो. तंबोरा नको, पेटी नको. कानातल्या शिट्टीत आवाज मिळवायचा की झालं! लोक माना डोलवायचे. "काका, काय पक्का सूर हो तुमचा!" मी नम्रपणे म्हणायचो, "देवाची देणगी."

या देणगीपायी झोपेचं मात्र खोबरं झालं होतं. रात्रभर कूस बदलायची आणि सकाळी हिच्यावर खेकसायचं, असा माझा दिनक्रम. शेवटी आमची मुलगी मुक्ता म्हणाली, "बाबा, फोन द्या इधर. ॲप आहे त्याच्यासाठी. रोज आवाज ऐकायचे, बस!"

ॲपला आधी माझी शिट्टी कोणती ते हवं होतं. बोटाने सूर वर-खाली करायचा आणि कानातल्याशी जुळला की थांबायचं.

"हीच! काळी एक! पण पार वरच्या सप्तकातली!"

"बाबा, ॲपला काळी-सफेद नाही कळत. ओके दाबा."

मग रोज इअरफोनमधून झरा. (गंगा पायऱ्या उतरलं की आहेच, पण ती गप्प वाहते, ओरडतात ते नाववाले.) पावसाळाभर मी झरा ऐकला. शिट्टी बारीक होत होत शोधावी लागेल इतकी झाली. मी चक्क घोरू लागलो. ही म्हणाली, "घोरा हवं तेवढं. खेकसू नका म्हणजे मिळवली."

चतुर्थी आली. मंडप गच्च भरलेला. गुरुजींनी निरांजन उचललं, माझ्यापुढे माइक आला. मी डोळे मिटून कानात सूर शोधला. कानात सामसूम!

केली सुरुवात, देवाला ठाऊक कुठल्या पट्टीत. पहिल्या कडव्यात बायका मागे पडल्या, दुसऱ्यात मी स्वतःच मागे पडलो. गुरुजी पुटपुटले, "जरा खाली घ्या." घेतलं. इतकं खाली, की मागून कुणीतरी विचारलं, "काका, तबियत ठीक है ना?"

ही शेजारी सरकली. "अहो, झालंय काय?"

"शिट्टी गेली!"

"मग बरंच झालं की!"

"अगं, सूर तिचा होता!"

ही माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे इतकी वर्षं लोकांनी तुमच्या दुखण्याची तारीफ केली?"

माइक चालू होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आठवलं, ॲपमध्ये माझी शिट्टी अजून आहे! घाईघाईने फोन माइकपुढे धरला आणि बटण दाबलं. भलतंच. स्पीकरमधून एक मऊ आवाजाची बाई बोलू लागली, "आँखें बंद कीजिए... गहरी साँस लीजिए... मन का बोझ छोड़ दीजिए..."

अख्ख्या मंडपाने डोळे मिटले! गुरुजींनीसुद्धा, निरांजन हातात तसंच धरून. मी बटणांवर बटणं दाबतोय, तर बाई गेली आणि झरा सुरू झाला. एरवी आरतीत प्रसादाच्या रांगेवरून भांडणारे आमचे लोक झरा संपेपर्यंत हूं की चूं न करता उभे होते. मी तोंड लपवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे चिटणीस दारात उभे. मला वाटलं, आता कायमचा नारळ मिळणार.

"काका, आज संध्याकाळी याल ना?"

मला भरून आलं. "अहो, येणार म्हणजे काय, येणारच!"

"मग त्या फोनवाल्या बाईंना नक्की आणा. लोक विचारतायत." ते जिना उतरता उतरता थांबले. "तुम्हाला नसेल जमत, तर नुसता फोन पाठवलात तरी चालेल."

संध्याकाळी फोन मंडपात माइकसमोर पाटावर बसला. मी मागे बसलो. त्याचा चार्जर धरून.